माइकखालचे नगर

मित्रांनो, भाषणाच्या व्यासपीठावर दांडीला ताठ उभा असतो तो माइक मी नव्हे. मी दोरीला लटकणारा, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांतला जुना माइक आहे. मला रंगमंचाच्या मधोमध, नटांच्या डोक्यावर टांगतात. राजा असो की भिकारी, संवाद म्हणायचा तर त्याला माझ्याखाली यावेच लागते.

कोणत्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. मला कंठ फुटला तो वडशात, साउंडवाल्या अंकुशच्या दुकानात. धानाची कापणी आटोपली की तो मला पेटीत घालून गावोगाव नेई. नायिकांचे हुंदके आणि खलनायकांचे गडगडाट मी शेवटच्या रांगेपर्यंत सारख्याच इमानाने पोचवले. ‘अंकुशचा माइक म्हणजे बहिऱ्यालेही आयकू येते,’ असे लोक म्हणत. हंगाम संपला की मात्र मी रिकाम्या बारदानात पडून राही, आणि माझ्या जाळीत कोळी संसार थाटी.

मग चिमूरच्या दिनेश सरांनी एक नाटक लिहिले. सर महाविद्यालयात शिकवत. कल्पित जुलमी राज्यांच्या कादंबऱ्या त्यांनी भाषाभाषांतून वाचल्या होत्या. अशी पुस्तके वाचून सुशिक्षित माणसे सुखाने शहारतात, कारण ते राज्य आपले नाही याची त्यांना खात्री असते. पुस्तक मिटले की जुलूमही मिटतो.

सरांच्या नाटकातल्या नगरात बोलण्यावर बंदी नव्हती. कोणीही कुठेही ओरडावे. कायदा एकच होता: माइकखाली उच्चारला तोच शब्द, बाकी सारा वारा. आणि माइकचे बटण नगरपालाच्या हाती. मित्रांनो, त्या नाटकात मी प्रथमच वस्तू न राहता पात्र झालो. पात्रही कसले, प्रत्यक्ष सत्ताच!

गडचिरोलीच्या एका जंगलातल्या गावी आमचा प्रयोग लागला. पहिल्याच अंकात नगरपालाने कायदा वाचून दाखवला. प्रेक्षकांचा श्वास रोखला जाईल, अशी सरांची अपेक्षा होती. पुढच्या रांगेत बसलेल्या कलाबाईने जांभई दिली. अंक संपताच सर धीर करून तिच्याजवळ गेले.

“बाई, आवडलं नाही का?”

“आवडलं ना सर. पण येच्यात नवीन का हाय?”

“हे भविष्य आहे, बाई. असं पुढे होऊ शकतं.”

“तुमच्या गावात व्हाचं असन. आमच्याइथी होऊन जुनं झालं.”

शेजारी गावातले जाणते लालसूभाऊ बसले होते. ते म्हणाले, “भविष्य चिमुरात उशिरा पोचते वाटते, सर. बस लेट असन.”

दुसऱ्या अंकात माझी तार तुटली. नायिका झालेली रंजीता बोलत होती आणि मी मुका लटकत होतो. “आयकू येऊन नाई राह्यलं!” मागून ओरडा झाला. तेव्हा लालसूभाऊ उठले, मागे तोंड करून त्यांनी तिचा संवाद म्हटला. मागच्या रांगेने तो आणखी मागे दिला. अंकुशने तार जोडेपर्यंत नाटक असेच चालले. शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत नगरपालाला दोनचार शिव्या जादा मिळाल्या होत्या. सरांनी त्या लिहिल्या नव्हत्या, पण त्यांनी हरकतही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मांडवात जनसुनावणी होती. गावचे रान खाणीसाठी द्यायचे होते. मोहाची झाडे त्याच रानात, आणि पेनचे, म्हणजे त्यांच्या देवाचे, ठाणेही तिथेच. गावाची हरकत आज नोंदली गेली नाही, तर रान जाणार होते. मांडव आणि अंकुश आयतेच हाती होते. सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी मला स्वतःच्या टेबलापुढे टांगून घेतले.

खाणवाले गृहस्थ माझ्याखाली पुष्कळ बोलले. विकास, रोजगार, उज्ज्वल उद्या. मी सारे स्वच्छ पोचवले. मग कलाबाई आली. रात्रीच्या नटांसारखे तिने वर पाहिले, माझ्याखाली नीट उभी राहिली आणि म्हणाली, “माह्यं नाव कलाबाई. आमच्या गावाची...”

साहेबांनी अंकुशकडे पाहिले. अंकुशच्या पोटापाण्याचा मालक त्या घडीला साहेबच होता. त्याने मान खाली घातली आणि बटण दाबले. मी मेलो.

कलाबाई बोलत राहिली. साहेब म्हणाले, “माइकवर येत नाही. माइकवर आलं नाही ते नोंदवता येत नाही.”

आणि सारा मांडव खो खो हसला.

साहेबांना ते हसू कळले नाही. त्यांनी नाटक पाहिले नव्हते. दिनेश सर मात्र मागे उभे होते. आपण कल्पना केली नव्हती, केवळ नक्कल केली होती, हे त्यांना त्या क्षणी उमगले असावे.

लालसूभाऊ उठले. मागे तोंड करून म्हणाले, “आमच्या गावाची परवानगी नाई!” रांगेमागून रांग ते वाक्य मागे गेले. या खेपेस कोणी शिवी घातली नाही, एक शब्दही बदलला नाही. शेवटच्या रांगेतून ते परत फिरले, आणि साऱ्या गावाने ते एकाच आवाजात टेबलाकडे पाठवले.

“आमच्या गावाची परवानगी नाई! रान पेनचं हाय, इकाले नाई!”

माझी दोरी हलली. नियमाप्रमाणे समोर सुनावणीचे चित्रण करणारा कॅमेरा चालू होता. त्याचा कान माझ्या बटणाला बांधलेला नव्हता. साहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहिले आणि लेखनिकाला सांगितले, “हरकत नोंदवा.”

जाताना कलाबाई अंकुशपाशी थांबली. तो वर पाहीना.

“लाव आता तुहा माइक,” ती म्हणाली. “आमचं बोलून झालं.”

लढा संपलेला नाही, मित्रांनो. पुढची सुनावणी व्हायची आहे, आणि साहेब त्या वेळी मांडव वेगळा बांधतील. दिनेश सरांनी नाटकाचा शेवट बदलला. आता तो रांगांमधून होतो. मीही माझ्या दोरीला आहे. माझी धूळ पुसा, तार तपासा, मला बारदानात टाकू नका. पण बटण कोणाच्या बोटाखाली आहे, ते बोलण्याआधी पाहून घ्या. आणि मी मुका झालो, तर माझ्याकडे बघत बसू नका. मागे वळा, आणि पुढच्याने म्हटलेले मागच्याला सांगा.