सरासरी उतार

भुदरगडच्या डोंगराकडेच्या त्या गावात पाणलोटाची कामं याआधी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा माती अडवणारे समतल चर बौद्धवाड्याच्या उताराला लागायच्या आतच संपले. कुणाच्या रानात चर, कुणाच्या रानात बांध, हे सरपंचाच्या ओट्यावर चहा पिता पिता ठरायचं. बौद्धवाड्यातल्या माणसाला त्या ओट्यावर चहा मिळत नव्हता, तिथं चर कुठले मिळायला! म्हणून त्याच वाड्यातला प्रसेनजीत कोल्हापूरच्या एका संस्थेत मातीच्या धुपीचे नकाशे करायला लागला, तेव्हा गावी येऊन आईला म्हणाला, "आता यादी ओट्यावर न्हाय ठरायची, आई. कॉम्प्युटर ठरवणार."

"त्याला आपलं रान दिसंल न्हवं?" सोनूबाईनं विचारलं.

"दिसंल की! पाऊस किती, माती कसली, पीक कंचं, उतार किती, येवढंच बघतोय त्यो. रान कुणाचं ते इचारत न्हाय."

त्याला हे मनापासून पटलं होतं. शिकलेल्या पोराला कशावर तरी विश्वास ठेवावाच लागतो, त्यानं यंत्रावर ठेवला. सोनूबाईचं नाचणीचं रान डोंगराच्या अंगावर होतं, तण भांगलताना एक हात टेकून बसावं लागायचं. दर पावसाळ्यात लाल माती खाली जायची आणि जागोजागी मुरूम उघडा पडायचा. लवकर चर पडले तरच ते रान रान म्हणून राहणार होतं. तिच्याजवळ दुसरं रान नव्हतं.

ही दोन हजार सालची गोष्ट. संस्थेतली यंत्रं बैलगाडीच्या चालीनं चालायची. म्हणून प्रमुख इंगवले सरांनी तालुक्याचे अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचे चौकोन पाडायला सांगितले. एका चौकोनाला एकच उतार, सरासरीचा. प्रसेनजीतनं महिनोन् महिने डोळे फोडून ते काम केलं. नकाशा छापून आला, तेव्हा त्यानं सगळ्यात आधी आईचं रान शोधलं.

रान हिरवं होतं. हिरवं म्हणजे धुपीचा धोका नाही, काम करायची गरज नाही.

त्यानं चौकोन नीट बघितला आणि सगळं कळलं. वर कातळाचा सपाट सडा, खाली गावातले मोठे जमीनदार सयाजीराव यांची सपाट भातखाचरं आणि मधे बौद्धवाड्याच्या रानांचा अरुंद, उभा पट्टा. तिघांची सरासरी काढली की उतार अगदी सौम्य. एकानं दोन भाकरी खाल्ल्या, दुसरा उपाशी राहिला, तरी सरासरीत दोघं जेवलेलेच असतात. त्यात धूप काही उताराच्या मापानं वाढत नाही, चढ वाढला की ती उड्या मारत वाढते. सरासरीनं नेमक्या त्या उड्याच पुसल्या होत्या. त्यानं तेवढ्या भागाचे बारीक चौकोन पाडून गणित पुन्हा चालवलं. पट्टा लालभडक आला.

दोन्ही नकाशे घेऊन तो सरांकडं गेला. इंगवले सर वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण होती. त्यांनी दोन्ही कागद बराच वेळ निरखले.

"बरोबर आहे तुझं. गाव कुठलं हे?"

"माझंच, सर."

"आणि हा लाल पट्टा?"

"आमच्या वाड्याची रानं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग संपलं की रे. उद्या कोणीतरी म्हणणार, पोरानं आपल्या माणसांसाठी रंग बदलला. काय सांगू त्यांना?"

"उतार जाऊन मोजा म्हणावं."

"उतार कोण मोजतंय, प्रसेनजीत? आडनाव मोजतात."

त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नकाशा चुकीचा होता तोवर तो शास्त्र होता, तेव्हा त्याचं आडनाव कुणी विचारलं नव्हतं. दुरुस्त केला आणि तो पक्षपात झाला. तरी आवाज न चढवता तो म्हणाला, "मग अहवालावरचं माझं नाव काढा, सर. नकाशा तेवढा नवा घाला."

त्या नावावर त्याची कायमची नोकरी ठरायची होती. सरांना ते माहीत होतं. त्यांनी मान हलवली, "बघतो."

अहवाल छापून आला. त्यात प्रसेनजीतचं नाव कुठंच नव्हतं आणि नकाशा जुनाच होता.

"नकाशाला वरून मंजुरी मिळाली नाही रे," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "नाव तेवढं माझ्या हातात होतं."

चर दुसऱ्या डोंगराला पडले. प्रसेनजीतच्या नोकरीची मुदत संपली आणि ती कुणी वाढवली नाही. पुढच्या आषाढात तो गावी आला तेव्हा घराला कडी होती. आई खाली सयाजीरावांच्या खाचरात रोपलावणीला गेली होती, रोजानं. तो तिथं गेला आणि बांधावर उभा राहिला.

"नाचणी न्हाय केलीस व्हय?"

"कशात करू? मुरूम ऱ्हायलाय निस्ता." गुडघाभर लाल चिखलात वाकलेल्या सोनूबाईनं मूठभर चिखल उचलून त्याला दाखवला. "ही बघ की आपली माती. समदी हितं आलीया. सयाजीराव म्हनत हुतं, औंदा भात लई जोरात येणार."

शास्त्र, सरासरी, शिक्षण, सगळ्याची त्याला शिसारी आली. तो बांधाच्या कडेला सरकला, तशी ती घाईनं म्हणाली,

"बांधावनं खाली उतर बाळा, माती ढासळतीया. मालक वरडत्याल."