आपा म्हणजे कोण?

"कुणाकडे राहायचंय तुला?" न्यायाधीशबाईंनी दहा वर्षांच्या अल्तिनायला विचारलं.

"आपाकडे."

आपा म्हणजे आई. कारकुनाने तसं लिहूनही टाकलं. अल्तिनायची आई बुरुल गप्प बसली असती, तर तिला लेक मिळाली असती. पण थोरलं नातवंड आजीने वाढवायचं, या किर्गिझ रीतीने अल्तिनाय आजीलाच आपा म्हणायची आणि आईला नुसतं "बुरुल."

"बाई, आपा मी नव्हे," बुरुल कशीबशी म्हणाली, "ह्या माझ्या सासूबाई."

सासूबाईंनी चारचौघांत डोळे पुसले. "वेडाबाई, काडीमोड माझ्या लेकाशी घेतलास ना? मग मला कशाला सोडतेस? चला दोघी घरी. बिऱ्हाड तोच हलवेल."

"बुरुल पण येणार?" अल्तिनायने विचारलं.

कारकून खोडरबर शोधू लागला.