फुंकरतात्यांचा हलका पाय

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. मागे उभे आहात त्यांनीही या. बॉनेटला हात लागला तरी चालेल, आता ते गार आहे. ज्याने लोखंडाच्या अंगात धाव घातली आणि काचेच्या अंगात उजेड, त्याचं नाव आधी मनात घ्या. मग मी तुम्हाला एका पायाची गोष्ट सांगते. आयुष्य माझं आहे, पण त्यातला मोठेपणा त्या पायाचा आहे.

मी एक जुनी मोटारगाडी आहे. लांब, काळी, चार दारांची, एके काळी साहेबलोकांची. माझ्या नाकावर कोणाचा बिल्ला आहे ते सांगत नाही. घराणं सांगितलं की लोक घराण्याचंच बोलत बसतात आणि माझी गोष्ट राहून जाते. माझं इंजिन सहा सिलिंडरचं, आसनं लोण्यासारखी मऊ, आणि गिअरबॉक्स आपले गिअर आपणच बदलणारा. चालवणाऱ्याने फक्त पाय दाबायचा. कारखान्यातून बाहेर पडताना तिथल्या गोल रस्त्यावर मला एकदाच पूर्ण जोराने पळवलं. ती चटक अशी लागली की पुढची सगळी वर्षं मी आतल्या आत चुळबुळत काढली.

पहिला मालक एका मोठ्या कचेरीचा धनी होता. घर ते कचेरी, कचेरी ते घर, आणि मध्ये सिग्नल. सिंहिणीला पाणी भरायला लावावं तशी माझी गत होती. पुढे त्याने नवी गाडी घेतली आणि मी एका काचकामगाराच्या दारात आले.

त्यांना सगळे फुंकरतात्या म्हणत. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या, गोल बुडाच्या कुप्या, नागमोडी वळणांच्या नाजूक नळकांड्या, हे सगळं ते ज्योतीवर काच तापवून, फुंकर घालून घडवायचे. आधी त्यांचा माल टेम्पोतून जायचा. निम्मा पोचायचा आणि निम्मा वाजायचा. म्हणून त्यांनी मला घेतलं, माझ्या मऊ स्प्रिंगांसाठी. इंजिनाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

शेजारी चिडवायचे, "तात्या, मोठे झालात की."

तात्या म्हणायचे, "मी कसला मोठा? मी ड्रायव्हर. साहेब मागे बसलेत."

मागे कापसात गुंडाळलेल्या कुप्या पट्टा लावून बसलेल्या असायच्या.

झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसा तात्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर यायचा. चालवताना ते स्वतःच रचलेलं गुणगुणायचे:

सावकाश गडे, वाट आहे मोठी,
ओझे काचेचे हे घेतले मी पोटी.

गाणं गोड होतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या पोटात काचेखेरीज एक वारूही होता, आणि तो रोज टापा आपटायचा. मोकळा रस्ता दिसला की मला वाटायचं, आज तरी दाबतील. तात्या उलट काच खाली करून मागच्याला हात दाखवायचे, "जा बाबा पुढे."

आता एक मर्माची गोष्ट सांगते, चित्त देऊन ऐका. माझ्या गिअरबॉक्सला एक छोटा मेंदू आहे. तो चालवणाऱ्याचा पाय शिकतो. दांडगट माणूस असेल तर गिअर उशिरा आणि झटक्यात बदलतो, सौम्य असेल तर लवकर आणि अलगद. एवढ्या वर्षांत त्याने तात्यांचा पाय तोंडपाठ केला होता. पुढे पुढे तर तात्यांना वाटायच्या आधीच गिअर बदलायचा, आणि कुपीतल्या कापसालाही ते कळायचं नाही.

एका दुपारी तात्या भट्टीजवळच्या खुर्चीवर टेकले, ते पुन्हा उठले नाहीत.

मी शेडमध्ये उभी राहिले. पावसाळे गेले. टायर बसले, उंदरांनी वायरी चाखल्या, बॉनेटवर मांजर व्यायली. तात्यांच्या मुलाने, म्हणजे दादाने, काचेचं काम सांभाळलं. मला कोणी विकलं नाही आणि कोणी चालवलंही नाही. मित्रांनो, गंजापेक्षा वाट पाहणं जास्त खातं.

मग दादाने मालासाठी व्हॅन घ्यायचं ठरवलं आणि शेडचा प्रश्न निघाला. तात्यांची लेक एका गिअरबॉक्सच्या वर्कशॉपमध्ये काम करायची. लहानपणी ती तात्यांचं बोट घट्ट धरून ठेवायची, म्हणून तिचं नाव चिमटी पडलं होतं. ती कामावरून आली, तर दादा टेप घेऊन शेड मोजत होता.

"भंगारवाला बघून गेलाय," दादा म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं बोलवायला?"

"जागेने सांगितलं. व्हॅन काय डोक्यावर ठेवू?"

आई पायरीवर बसून नळ्या पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "दोघं गाडीवरून भांडताय. चालवायचं नाव कोणी काढत नाही."

गावाबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी होती. तिथे रविवारी गाड्यांच्या शर्यती व्हायच्या: सरळ चारशे मीटर, बस्स. शर्यतीच्या मंडळाची तिथे मोठी शेड होती. जी गाडी सोळा सेकंदांच्या आत पट्टी संपवेल तिला त्या शेडमध्ये कायमची जागा.

"मी हिला तिथे जागा मिळवून देते," चिमटी म्हणाली.

दादा हसला. "ही धावणार? अगं, बाबा चालवायचे तेव्हा गोगलगाय हॉर्न देऊन पुढे जायची."

"तुझी व्हॅन कधी येतेय?"

"दोन रविवार गेले की सोमवारी. तोवर मिळव जागा. नाही मिळाली तर भंगारवाला येईल, आणि तेव्हा रडारड नको."

झालं. माझा जीव टांगणीला लागला, आणि खरं सांगू, त्याहून जास्त तो हरखला. कोणीतरी माझ्याबद्दल बोलताना धावणं हा शब्द वापरला होता.

चिमटीने मला वर्कशॉपमध्ये नेलं. तिथले मुख्य कारागीर म्हणजे उस्ताद. दोघांनी मिळून मला तपासलं. नवे टायर, नव्या वायरी, नवे प्लग आले, हवेचा फिल्टर आला, गिअरबॉक्समधलं काळंकुट्ट तेल गेलं आणि लालचुटूक तेल आलं. मग वजन कमी करायला घेतलं. जादा चाक, जॅक, गालिचे निघाले. शेवटी मागचं आसन निघालं. उस्तादांनी त्याखालच्या फटींत बॅटरी मारली, बोट फिरवलं. काचेचा एक कण सापडला नाही. एवढी वर्षं काच वाहिलेली गाडी. उस्तादांनी कानाला हात लावला.

पहिल्या रविवारी आम्ही पट्टीवर गेलो. चिमटीने डावा पाय ब्रेकवर घट्ट ठेवला आणि उजव्याने ॲक्सिलरेटर दाबत नेला. दिवा हिरवा झाला की ब्रेक सोडायचा, म्हणजे गाडी बाणासारखी सुटते. एक पाय म्हणतो थांब, दुसरा म्हणतो पळ. माझं अख्खं अंग थरथरत होतं. मला वाटलं, हेच तर माझं आजवरचं आयुष्य, आज फक्त कोणीतरी ते दोन्ही पायांनी बोलून दाखवलं.

मी धावले. जीव खाऊन धावले. पण सोळाच्या वरच राहिले. पुन्हा धावले, पुन्हा थोडक्यात वर. इंजिन ओरडत असताना गिअर मात्र अलगद, सावकाश, पाहुण्यांना पाणी द्यावं तसे बदलत होते.

वर्कशॉपमध्ये उस्तादांनी मला तपासणीचं यंत्र जोडलं. "हे बघ. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना केवढा वेळ घेते. हा बिघाड नाही पोरी, हे शिकवलेलं आहे. तुझ्या बाबांचा पाय आत बसलाय. हे बटण दाब, पुसून जाईल. कोरी होईल गाडी."

चिमटीने बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. मग यंत्राची वायर काढली आणि मला घरी घेऊन आली.

आईने तिचं तोंड पाहिलं. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला आधी एक चक्कर मार."

आई पुढे बसली. आम्ही बाजारपेठेतून निघालो आणि कालव्याकडेच्या रस्त्याला लागलो. आईने डोळे मिटले होते. गिअर बदलायचा क्षण आला की तिची बोटं गुडघ्यावर पडायची, टाळावर टाळ पडावा तशी. एकदाही चुकली नाही. तोंडाने ती तात्यांचं तेच गाणं म्हणत होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा पळावंसं वाटलं नाही.

घरी येऊन थांबलो. आई म्हणाली, "यांचाच पाय आहे. पुस."

"आई, मग परत नाही येणार."

"भंगारात गेली तरी पुसलंच जाईल की. मग धावून पुसलं गेलेलं काय वाईट?"

शनिवारी संध्याकाळी वर्कशॉपमध्ये चिमटीने यंत्राचं बटण दाबलं. दुखलं काहीच नाही. फक्त अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी नसावी, तसं झालं.

आता पुढची गंमत ऐका. हिला गंमत म्हणावं की काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा. रविवारी सकाळी निघताना दादा आला. "चाललातच आहात तर वाटेत कॉलेजचा एवढा माल टाका. व्हॅन उद्या येणार, त्यांना आज हवाय." मागच्या मोकळ्या जागेत खोकी आली, कापूस आला. आई पुढे बसली. दादा आपल्या मोटरसायकलवर मागून आला. कॉलेजात माल उतरला, एक नळी फुटली नाही. तिथून आम्ही पट्टीवर गेलो.

दिवा हिरवा झाला. मी उसळले. आणि गिअर बदलला, अलगद, सावकाश. पुन्हा सोळाच्या वर.

यंत्र घेऊन पट्टीवर आलेल्या उस्तादांनी ते मला लावलं आणि चक्रावून पाहत राहिले. "काल कोरी केली होतीस ना? नंतर चालवली कोणी?"

"मीच."

"कशी?"

"कशी म्हणजे? मागे काच होती ना."

उस्ताद हसत हसत टायरच्या ढिगावर बसले. "अगं पोरी, बाप पुसलास आणि एका सकाळीत पुन्हा लिहिलास."

चिमटीही हसली. हसता हसता तिने आपल्या उजव्या पायाकडे असं पाहिलं, जसं काही तो आजच भेटला होता. मग पाठ फिरवून ती बराच वेळ कुंपणाकडे तोंड करून उभी राहिली. कोणी तिला हाक मारली नाही.

दिवसाची शेवटची फेरी उरली होती. उद्या व्हॅन येणार होती. चिमटीने तिथेच, पट्टीच्या कडेला, बटण पुन्हा दाबलं. आत बसताना स्वतःशीच म्हणाली, "बाबा, एवढी एक फेरी तुम्ही उतरा."

डावा पाय ब्रेकवर, उजवा खाली. हिरवा दिवा. आणि तो उजवा पाय, जो जन्मात कधी पूर्ण जोराने पडला नव्हता, तळाला टेकला. गिअर पडले, धाडकन, एकापाठोपाठ एक. कारखान्यातल्या त्या गोल रस्त्यानंतर मी आजच खरी धावत होते. खांब गेले, माणसं गेली, कुंपणाची एक रेघ झाली. माझ्यात कोणीच नव्हतं. फक्त धाव होती.

फलकावर आकडा लागला. सोळाच्या आत, अगदी केसभर आत.

दादा कुंपणावरून उडी मारून आला आणि माझ्या छपरावर थापा मारत राहिला. मग त्याचा हात छपरावरच थांबला. "बाबांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते?"

आई म्हणाली, "म्हणाले असते, मागचा माल उतरवलात ना आधी?"

तेव्हापासून मी या मोठ्या शेडमध्ये राहते. छप्पर पक्कं आहे, शेजार चांगला आहे. मधल्या दिवसांत चिमटी येते आणि मला कालव्यापर्यंत फिरवून आणते. त्या फेऱ्यांत माझा गिअरबॉक्स पुन्हा तो हलका पाय शिकतो. रविवारी सकाळी बटण दाबलं जातं आणि तो पुन्हा जातो. धावताना मला तो नको असतो, आणि धाव संपली की त्याच्यावाचून करमत नाही. मित्रांनो, मी अशीच आहे. शांत बसणं माझ्या नशिबात नाही.

तुमच्या घरातल्या वस्तूंना हळू हाताळा. त्या बोलत नाहीत, पण तुमचा हात शिकतात. मी दर आठवड्याला विसरणारी गाडी आहे, माझ्या भरवशावर राहू नका. शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंनी तुमच्या हातात काचेची नळी दिली, तर ती उजेडात धरून एकदा पाहा. ती कोणीतरी फुंकर घालून घडवलेली असते, आणि कोणीतरी न फोडता तुमच्यापर्यंत आणलेली असते. तेवढ्यापुरती माझ्या फुंकरतात्यांची आठवण काढा.