ओलं पातं

गुरुवारी सकाळी मिशीची कात्री घ्यायला सावळीराम अण्णांनी दाढीचा डबा उघडला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. रेझर ओला होता. अण्णा दाढी करत सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी. मग गुरुवारी रेझर ओला कसा?

अण्णा म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. हत्यार ते हत्यार, मग ते लोखंडावर चालो की गालावर. दाढी झाली की मगातल्या पाण्यात रेझर खळखळून घ्यायचा, मूठ फिरवून सगळे भाग सुटे करायचे आणि कालच्या पेपरवर वाळत मांडायचे. पातं दोन टोकांना धरून नुसतं टिपायचं. पुसायचं नाही, पुसलं की धार गेली. मग काचेच्या ग्लासात आतून चारदा इकडे, चारदा तिकडे घासायचं, खोबरेलाचं बोट फिरवायचं आणि त्याच्याच कागदात गुंडाळून ठेवायचं. एक पातं दीड महिना चाले. "एवढी बडदास्त माझी ठेवली असती तर!" असं त्यांच्या पत्नी सिंधुबाई म्हणायच्या.

आणि आज ते पातं रेझरमध्येच अडकवलेलं, कंपनीची छाप वर हवी ती खाली, कडेला टॉवेलचा धागा. अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला.

सिडकोतल्या त्या घरात दाढी करणारे दोनच. एक अण्णा, आणि दुसरा सिंधुबाईंचा धाकटा भाऊ भिकन. सटाण्याकडचा. अंबडच्या एका कंपनीत दोन महिन्यांपूर्वी लागला होता, अजून कच्चाच होता. कायम होईपर्यंत बहिणीकडे राहायचं ठरलेलं. इथून हलला तर नोकरीवरही पाणी सोडायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

अण्णांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी रेझर पुसूनपासून ठेवला, डब्याच्या झाकणावर एक बारीक दोरा आडवा टाकला आणि वाट बघत बसले. जेवताना भिकन वरणभात खाई आणि अण्णा त्याची हनुवटी न्याहाळत. "भिकन, आज गाल फार गुळगुळीत दिसतोय रे!"

"आंघोळ केली ना दाजी," भिकन हसून म्हणे. हसतोय कसा निर्लज्ज, असं अण्णांना वाटे.

मंगळवारी दुपारी दोरा खाली पडलेला सापडला. संध्याकाळी भिकन कामावरून येऊन चप्पल काढतो न काढतो तोच अण्णांनी रेझर त्याच्या नाकासमोर धरला.

"दुसऱ्याच्या पात्यानं काय काय रोग होतात, दवाखान्यात चित्रं लावलीत. बघितली नाहीस? बोल, कोणी वापरला?"

भिकन गोंधळला. रेझरकडे बघितलं, मग अण्णांच्या खांद्यावरून मागे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे अण्णांची मुलगी सुवर्णा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. भिकनची मान खाली गेली.

"मीच वापरला दाजी. मनी चूक शे."

"अस्सं! मग उद्या सकाळची सटाणा गाडी धर."

"अहो, एका पात्यासाठी माझ्या भावाला घराबाहेर काढता?" सिंधुबाई कळवळल्या.

"पात्यासाठी नाही. लपवाछपवीसाठी."

बुधवारी भिकन बॅग घेऊन निघाला. सुवर्णानं त्याला डबा बांधून दिला आणि तोंड फिरवून आत गेली. सिंधुबाईंनी नवऱ्याशी अबोला धरला. अण्णांनी मात्र निवांत दाढी केली, पातं टिपलं, घासलं, गुंडाळलं. मनात म्हणाले, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

शनिवारी त्यांनी डबा उघडला. रेझर ओला होता.

पातं आत, छाप खाली. अण्णा मोरीच्या कट्ट्यावर बसले. पात्याची कड उजेडाला धरली. तिला चिकटले होते दोन-तीन केस, मऊ, बारीक. दाढीचे खुंट असे नसतात.

"अण्णा, चहा."

सुवर्णा समोर उभी होती. चोवीस वर्षांची पोर. उद्या रविवारी निफाडचे पाहुणे तिला बघायला येणार होते. हनुवटीखाली नखाएवढी चीर पडलेली, त्यावर पावडर थापलेली. मागच्या स्थळाची बाई जाताना दारातच पोरीच्या हनुवटीवरच्या लवेबद्दल काहीतरी पुटपुटली होती. अण्णांनी तेव्हा कानाआड केलं होतं. पोरीनं केलं नव्हतं.

तिनं रेझर बघितला आणि कप खाली ठेवून हनुवटी हातानं झाकली.

घरातले गाल मोजायला बसलो आणि फक्त पुरुषांचे मोजले! अण्णांनी नवं पातं काढलं.

"इकडे ये. हे असं धरायचं, दोन टोकांना. पुसायचं नाही, टिपायचं. ओलं राहिलं की गंज चढतो, आणि गंजकं पातं कापतं." त्यांनी तिच्या हनुवटीकडे पाहिलं नाही. "हा रेझर आता तुझा. मी दुसरा आणतो."

सुवर्णा तिथेच उभी राहून रडली. रडता रडता म्हणाली, "मामाला एकदा दिसलं होतं, अण्णा. मी त्याला शपथ घातली होती."

अण्णांनी चहा तसाच ठेवला, दाढीही न करता चौकातल्या फोनच्या बूथवर गेले आणि सटाण्याला भिकनच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्याला बोलावून आणेपर्यंत मीटर पळत होतं, आज अण्णांनी तिकडे बघितलं नाही.

"भिकन, आजच्या आज निघ. कंपनीत मी येतो तुझ्याबरोबर, साहेबाच्या पाया पडायला लागलं तरी पडतो. चुकलं माझं."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, मेव्हण्याला असं ते पहिल्यांदाच म्हणत होते. पलीकडून भिकननं घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "दाजी, तुम्ही सुवर्णाला काही बोलले तर नाही ना?"

"नाही रे," अण्णा म्हणाले. "पातं कसं टिपायचं, तेवढं दाखवलं."