डावरीने परत दिलेली धील

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर आधी तुम्हाला धुराचा वास येईल, मग जुन्या दुधाचा. मी एक जुनी धील आहे. धील म्हणजे सोमाली घरातले दुधाचे भांडे. मी मातीची नाही, पितळेची नाही. मी विणलेली आहे. झाडाच्या मुळांचे तंतू इतके घट्ट विणायचे की दूध भरले तरी थेंब गळू नये, ही आमच्या बायकांची कला. माझे झाकण उलटे केले की त्याचाच पेला होतो. अंगावर कवड्यांच्या दोन ओळी होत्या. आता त्यांतल्या पाचच कवड्या उरल्या आहेत.

मला अंबरोने विणले. अफमादोच्या वाटेवर एक विहिरीचे गाव आहे, तिथे तिची झोपडी होती. नवरा उंटांमागे चार चार महिने रानात असे. अंबरो तेव्हा गरोदर होती. पहिली दोन मुले जन्मताच गेली होती. ती रोज सावलीला बसून मला विणायची आणि पुटपुटायची, "हे मूल जगलं तर याचं पहिलं उंटिणीचं दूध तुझ्यातून पाजीन."

मूल आडवे आले. दोन दिवस कळा चालल्या. शेवटी तिचे काका, गावातल्या मुलांना किताब शिकवणारे शेख दिरिये, स्वतः मिशनच्या दवाखान्यात गेले. "बाई, तुमचा धर्म तुमच्यापाशी. माझी पुतणी मरते आहे, चला," एवढेच ते म्हणाले. दवाखान्यातली नर्स चपला न घालताच धावत आली. तिचे नाव मार्ता. दूर उत्तरेकडच्या थंड मुलखातून ती इथे येशूची सेवा करायला आली होती. त्या दुपारी तिने मूल फिरवले आणि एबादो जन्मली. लालभडक, किंचाळणारी, जिवंत.

चाळीस दिवस झाल्यावर अंबरोने मला धुतले, निखाऱ्याने आतून धुरवले आणि दुधाने भरून मार्ताच्या दारात नेऊन ठेवले. ज्या तोंडासाठी मला विणले होते त्याला मी मिळाले नाही. पण ते तोंड जगले ते हिच्यामुळे, म्हणून मी हिची झाले.

मार्ताने मला डाव्या हाताने घेतले.

अंबरोच्या कपाळाला आठी पडली. "अगं, डावा हात! डाव्या हातानं दूध घेतात होय?"

"मी डावरीच आहे," मार्ता ओशाळून म्हणाली.

झाले! आमच्याकडे लंगड्याला लंगडा आणि काण्याला काणा अशीच तोंडावर हाक मारतात, त्याचे कुणी वाईट वाटून घेत नाही. त्या दिवसापासून ती साऱ्या गावाची डावरी झाली.

तिने माझे काय केले, ऐका. दूध प्यायली, मला साबणाने घासले, टेबलावर ठेवले आणि माझ्यात पेन्सिली भरल्या. मी वाळत गेले. माझे तंतू आकसले. धुराविना मला माझीच ओळख पटेना. महिनाभराने अंबरो बाळाला टोचून घ्यायला आली तेव्हा तिने मला पाहिले.

"या अल्ला! दुधाच्या भांड्यात काड्या? डावरे, तुला आईनं काही शिकवलं की नाही? मेली ना ही!"

"मेली? म्हणजे?"

"दूध नाही, धूर नाही, मग काय जगणार? ऊठ, निखारे आण."

मग अंगणात बसून अंबरोने तिला शिकवले. ठरावीक झाडाचीच काटकी पेटवायची, निखारा माझ्यात टाकायचा, झाकण लावून खुळखुळ हलवायचे, राख झटकायची, आतून चरबीचा हात फिरवायचा. मार्ता खोकून खोकून लाल झाली. अंबरो हसून हसून लोळली. मला मात्र जीव आला. त्या संध्याकाळी माझ्यात दूध पडले तेव्हा तंतू असे फुगले, की जणू मी पुन्हा विणली गेले.

तेव्हापासून सहा वर्षे मी मार्ताच्या खोलीत राहिले. भिंतीवर एक साधा लाकडी क्रूस होता, त्याच्याच शेजारच्या खुंटीला मी असे. ती मला दर चार दिवसांनी धुरवायची. दूध उजव्या हाताने घ्यायला शिकली. आणि मित्रांनो, ती प्रश्न विचारायची! उंटांना किती नावे? नव्या नवरीच्या डोक्यावरून कापड कधी येते? भांडण झाले तर झाडाखाली बसून कोण आधी बोलते? सारे एका वहीत लिहून ठेवायची. तेव्हा सोमाली भाषेला सरकारमान्य लिपी नव्हती. ती आपल्याच अक्षरांत आमचे शब्द बसवायची आणि मोठ्याने म्हणून बघायची.

शेख दिरिये झाडाखाली मुलांना शिकवत तिथेही ती लांब बसून ऐकायची. एकदा ते म्हणाले, "पोरी, इतकं विचारणारी दोनच माणसं मी पाहिली. एक उंट घ्यायला आलेला, दुसरा मुलगी मागायला आलेला. तू कशासाठी आलीस?"

"तुम्हाला आमच्या धर्मात न्यायला आले होते, काका," तिने सरळ सांगितले.

पोरे माना वळवून बघू लागली. शेख मात्र रागावले नाहीत. "आणि आता?"

"आता आधी तुम्हाला समजून घेते आहे."

"समजल्यावर?"

ती बोटाने वाळूत रेघा ओढू लागली. शेख हसले. "खरं बोललीस म्हणून बस. पण सावलीत बस, ऊन लागेल."

अंबरो तिला सारखी डिवचायची, "डावरे, मुसलमान कधी होतेस? नवरा मी बघते." मार्ता म्हणायची, "तू ख्रिस्ती हो, मग बघू." दोघी हसायच्या. पण कधी कधी ते हसणे मध्येच थांबायचे, कारण दोघींनाही मनापासून वाटायचे की आपली मैत्रीण चुकीच्या वाटेवर आहे. मी दोघींच्या मध्ये असायची. ते थांबणे मला कळायचे.

एकदा मार्ताने येशूच्या जन्माची गोष्ट सांगितली. गोठा, गव्हाण, गुरे. अंबरोने मान हलवली. "आमच्या किताबातली त्याची आई, मरियम, रानात एकटी होती. खजुराच्या झाडाला धरून बाळंत झाली."

"एकटीच? सुईणसुद्धा नाही?"

"कुणी नाही. कळा इतक्या की म्हणाली, याआधीच मेले असते तर बरं."

मार्ताने वही मिटली. ती म्हणाली, "आमच्याकडे तिच्या कळांबद्दल कुणी सांगतच नाही गं." अंबरोने माझे झाकण भरून तिच्या पुढे केले. त्या दिवशी दोघी एकाच पेल्यातून प्यायल्या.

मग राजधानीत सरकार बदलले. काही काळाने हुकूम आला, की मिशनच्या माणसांनी आठ दिवसांत देश सोडावा. आठव्या दिवशी किसमायो शहराहून ट्रक आला. सारे गाव जमले. अंबरोने प्रवासासाठी मांसाचे वाळवलेले तुकडे तुपात घालून आणले होते. मार्ताने मला खुंटीवरून काढले, उजव्या हाताने अंबरोपुढे धरले आणि म्हणाली, "ही तू ठेव. तिकडे उंट नाहीत. तिथे ही मरून जाईल."

मित्रांनो, दिलेली वस्तू परत करणे म्हणजे आमच्यात नातेच परत करणे. अंबरोचा चेहरा दगडासारखा झाला.

"काढलेलं दूध आचळात परत जात नाही, डावरे."

"अंबरो, ऐक—"

"सहा वर्षं आमचं सगळं लिहून घेतलंस. हे एवढं लिहिलं नाहीस?"

तिने मला हिसकावून घेतले आणि चालू लागली. तुपाचे भांडे तिथेच वाळूत राहिले. मागून मार्ता तिला हाका मारत होती. ट्रक निघाल्याचा आवाज आला तरी अंबरोने मागे पाहिले नाही. झोपडीत आल्यावर मात्र मला पोटाशी धरून बसली. पदराने तोंड दाबले होते, तरी तिचे हुंदके मला माझ्या तंतूंत जाणवले.

तिने मला टांगून ठेवले. दूध नाही, निखारा नाही. दोन वर्षे गेली. त्यात मोठा दुष्काळ पडला आणि उंट पटापट मेले. माझ्या बुडाला चीर गेली. वाऱ्याने मी खुंटीवर हलायची आणि रिकाम्या भांड्यात वारा जसा बोलतो तशी बोलायची. कुणी ऐकत नव्हते.

एके दिवशी ट्रकवाल्याने मार्ताचे एक पत्र आणले. वर लिहिले होते, 'अंबरो, शेख दिरियेंची पुतणी.' पत्र सोमालीत होते. आता आमच्या भाषेला लिपी मिळाली होती. ट्रकवाला म्हणाला, "आण, वाचून दाखवतो."

"हात लावू नकोस. भांडण माझं आहे, मीच वाचीन."

"वाचता येतं तुला?"

"येईल."

त्याच सुमारास शहरातून शिकलेल्या मुली रानावनात अक्षरे शिकवायला आल्या होत्या. अंबरो एबादोचा हात धरून वर्गात जाऊन बसली. बायका नाके मुरडत, "म्हातारपणी शाळा!" ती वाळूत काटकीने अक्षरे काढत राही. पत्र तिने माझ्यातच ठेवले होते. पाच महिने ते माझ्या पोटात होते आणि त्यात काय आहे ते मलाही माहीत नव्हते.

मग एका सकाळी तिने ते उलगडले. बोट ठेवून, अडखळत, एकेक अक्षर जोडत ती वाचू लागली.

"अंबरो, मी खोटं बोलले. उंटांचं ते कारण नव्हतं. आमच्या मिशनच्या घरात एक मोठी खोली आहे. बाहेरून आणलेली प्रत्येक वस्तू तिथे काचेच्या कपाटात ठेवावी लागते. खाली चिठ्ठी लावतात, 'सोमाली लोकांचे भांडे.' त्यावर तुझं नाव आलं नसतं. ते तुला सांगायची मला लाज वाटली. तुम्ही तुमच्या घरातलं सगळं मला सांगत राहिलात. माझ्या घरातलं एक लाजिरवाणं खरं सांगायची वेळ आली तेव्हा मी ते उंटांवर ढकललं."

अंबरोने ते तीनदा वाचले. "वेडी गं वेडी," ती म्हणाली. मग मला खाली काढले. मुळांचे नवे तंतू चावून मऊ केले आणि माझी चीर विणायला बसली. सुई जुन्या तंतूंतून जाताना मला दुखले. इतके बरे दुखणे मी कधी सोसले नव्हते. उरलेल्या एकुलत्या एका उंटिणीचे दूध तिने माझ्यात काढून आणले.

तिने उत्तर लिहिले. अक्षरे मोठी, वाकडी, "डावरे, तुला माफ केलेलं नाही. माफी तोंडावर मागतात. ये."

मित्रांनो, त्याचे उत्तर आले नाही. पत्र पोचले की वाटेतच हरवले, कोण जाणे. अंबरो पुढे वीस वर्षे जगली आणि प्रत्येक ट्रकपाशी जाऊन उभी राहिली. शेवटच्या आजारपणात ती एबादोला म्हणाली, "त्या बाईनं मला हजार गोष्टी विचारल्या. मी तिला काय विचारलं? नवरा कधी करतेस! तिच्या आईचं नाव काय, तिकडं दूध कशात ठेवतात, हे मी एकदाही विचारलं नाही."

आता मी किसमायोत एबादोच्या पत्र्याच्या घरात असते. दूध प्लास्टिकच्या डब्यातून येते. सणावाराला एबादो मला धुरवते, एरवी मी खुंटीवर असते. तुमच्या घरी अशी एखादी म्हातारी वस्तू असेल तर तिला नुसती पुसून ठेवू नका. तिचे जे काम असेल ते तिला करू द्या.

आणि एक सांगते. मी मार्ताच्या खोलीत होते तेव्हा ती एकटी असताना माझ्याकडे पाहून आपल्या भाषेत पुष्कळ बोलायची. त्यात एक शब्द ती वारंवार म्हणायची, अगदी हळू. ते तिच्या आईचे नाव असावे असे मला वाटते. पण मला तिची भाषा येत नव्हती, आणि ज्यांना तोंड होते त्यांनी तो शब्द कधी विचारला नाही. तुमच्या दारी कुणी लांबून आले, तर तुम्ही विचारा.