मेन व्हॉल्व्ह

"आली पुन्हा ही बया," म्हणत वॉशरने फोन टेबलावर उलटा घातला.

बया म्हणजे जाहिरातीतली बाई. खांद्यावरून केस उडवत ती केसांचे टोप विकायची. गेले काही दिवस तिने वॉशरचा पिच्छाच पुरवला होता. हवामान बघावं तर ती, बातमी वाचावी तर ती. यंत्राला आपलं टक्कल कळतं आणि आपण पुरुष आहोत एवढं मात्र कळत नाही, या विचाराने तो हबकून गेला होता. बायकोसमोर त्याने बयेची साग्रसंगीत नक्कलही केली, टकलावरून नसलेले केस उडवत. ती हसली नाही, उठून भांडी घासायला गेली.

वॉशर हा नळदुरुस्तीवाला. खिशात कायम रबरी चकत्या, म्हणून लोकांनी ठेवलेलं हे नाव. उभा जन्म गळती थांबवण्यात गेलेला, त्यामुळे जाहिरातींची ही गळती त्याच्या फारच जिव्हारी लागली. संगणकाच्या कामात असलेल्या मेहुण्याला त्याने फोन लावला. मेहुण्याने तीन उपाय सांगितले आणि वॉशरने ते आपल्या धंद्यात बसवून घेतले.

पहिला, ब्राउझरला जोडायचा ॲडब्लॉकर. म्हणजे एका नळाला नवी चकती. कॉम्प्युटरवरून बया गडप झाली, पण फोनवर होतीच. दुसरा, मुळातच जाहिराती अडवणारा ब्राउझर फोनवर घ्यायचा. म्हणजे अख्खा नळच बदलायचा. वेबसाइटी स्वच्छ दिसू लागल्या, तरी बाकीच्या ॲपमधून बया डोकावायचीच. तिसरा उपाय राउटरमधला. घरातलं सगळं इंटरनेट तिथून येतं, तेव्हा जाहिरातींचे पत्ते तिथेच अडवायचे. हा झाला मेन व्हॉल्व्ह, आणि वॉशरचा जीव त्याच्यावरच जडला.

"पण भाऊजी, तो घरभर लागू होतो," मेहुणा म्हणाला. "कुणाला हवं असलेलंही बंद पडतं. ताईला विचारून करा."

"तुझी ताई काय बघते? मालिका. त्या काही बुडत नाहीत."

मेहुणा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की एका कनेक्शनवर एकाने काही शोधलं, तर कधीकधी दुसऱ्यालाही त्याच जाहिराती दिसतात. वॉशर तोवर राउटरचा पासवर्ड शोधण्यात गुंतला होता.

व्हॉल्व्ह बंद झाला. त्यातूनही बया एकदा निसटून आली, तेव्हा चिडून त्याने त्या टोपांच्या दुकानाचा पत्ताच बंदीत टाकला. मग सगळं शांत झालं. वॉशर दिवसभर शीळ घालत हिंडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको आपला फोन घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"अहो, एक दुकान उघडत नाहीये. तेवढं मोकळं करून द्याल?"

त्याने फोनमध्ये पाहिलं. पान कोरं होतं आणि वर त्याच दुकानाचं नाव होतं.

"तुला कशाला टोप?" तो हसत म्हणाला आणि तिच्या जाड, करड्या वेणीकडे बघता बघता त्याचं हसू विरलं.

"पुढच्या आठवड्यात इंजेक्शनं सुरू होतील. केस राहणार नाहीत म्हणाले. आधीच बघून ठेवावा म्हटलं." तिने हात छातीच्या डाव्या बाजूला ठेवला. "गाठ आहे. तपासण्या झाल्यात. भाऊ होता सोबत."

वॉशर स्टुलावर बसला. मेहुण्याची ती चुप्पी त्याला आत्ता ऐकू आली.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्या दिवशी सांगणारच होते," ती म्हणाली. "तुम्ही त्या बाईची नक्कल करत होतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तो उठला. राउटरच्या पानावर शिरताना पासवर्ड दोनदा चुकला. शेवटी दुकानाचा पत्ता त्याने बंदीतून काढला आणि बायकोच्या फोनवर बया केस उडवत आली. बायको शेजारी बसून एकेक टोप बघू लागली. सगळे काळेभोर होते. तिला ठरवता येईना.

"अजून खाली जा," वॉशर म्हणाला. त्याला ते सगळे पाठ झाले होते. "एक करडा आहे. थेट तुझ्यासारखा."