गुहेला निघालेली आळी

जोतीराम विट्याकडच्या एका खेड्यातला, पण वर्षाचे अकरा महिने तो विशाखापट्टणला असे. तिथं त्याचं गलाईचं दुकान होतं. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, हे काम. त्या भागातला घरटी एखादा तरी माणूस असा कुठल्या ना कुठल्या परमुलखी पेठेत जाऊन बसलेला, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटत नसे. नवल एवढंच, की लग्नाला पाच वर्षं होऊनही त्याच्या बायकोनं, राहीनं, ते दुकान, ती खोली, ते शहर, काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं. आणि तेही नवल फक्त राहीलाच वाटायचं.

जोतीराम गावच्या यात्रेला यायचा, महिनाभर पाहुण्यासारखा राहायचा आणि निघून जायचा. मला तुमच्यासंगं न्या, हे तिनं सासू-सासऱ्यांच्या देखत कोणत्या तोंडानं म्हणायचं? सुनेनं असं बोलणं म्हणजे लाज सोडणं. जोतीरामानंही कधी विषय काढला नाही. परक्या मुलखात सराफांशी तेलगूत घासाघीस करणारा हा गडी वडिलांसमोर आला की शाळकरी पोर व्हायचा. वडील सयाजीराव फौजेतून हवालदार होऊन परतलेले, आणि घरात अजून त्यांचाच हुकूम चालायचा.

बहात्तरचा दुष्काळ मागं पडून शिवारात पुन्हा ऊस उभा राहिला होता. त्या वर्षी यात्रेला आलेल्या जोतीरामानं दारापुढच्या कट्ट्यावर बसून बोऱ्याच्या गुहेची हकीकत सांगितली. गुहा मोठी नावाजलेली, विशाखापट्टणहून डोंगरात रेल्वेनं जायचं.

"आत अख्खं देऊळ मावंल एवडी जागा," तो सांगत होता. "वरनं दगडाची झुंबरं लोंबत्यात, खालनं दगडाचंच खांब वर आल्यात. कुनी घडवलं न्हाई. थेंब थेंब पानी गळून आपसूक झालंय. मशालवाला म्होरं चालतो, तवा कुटं दिसतं."

राही दाराआड भाकरी थापता थापता ऐकत होती. गुहेचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. पण पुढं तो म्हणाला, "आत म्हादेवाची पिंड हाय. गाय वरच्या भगदाडातनं खाली पडली, तिला हुडकत गुराखी गेला, त्याला घावली म्हनत्यात." तसा राहीचा हात थांबला. नवऱ्याकडं जायचं म्हटलं तर नावं ठेवतील; देवाकडं जायचं म्हटल्यावर कोण अडवणार?

रात्रीच्या जेवणाला तिनं सासूच्या, बयाबाईच्या, ताटात भाकरी वाढता वाढता हळूच म्हटलं, "आत्ती, अशी आपसूक आल्याली पिंड लय जागृत आसंल, न्हवं? तुमी एकदा दर्शन घ्याया पायजे. पिशवी धराया मी येते की संगं."

बयाबाईनं सुनेकडं जरा वेळ पाहिलं आणि मग नवऱ्याकडं पाहिलं. सयाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. "बगू," ते म्हणाले. त्यांचं 'बगू' म्हणजे निम्मी परवानगी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र राहीच्या ध्यानात आली नव्हती. एका घरानं देवाला जायचं ठरवलं की तो देव आख्ख्या आळीचा होतो. शेजारची रंगूबाई सकाळी विरजण मागायला आली आणि जाताना स्वतःचं नाव घालून गेली. दुपारी तिच्या जावा आल्या. संध्याकाळपर्यंत देवळातला गुरवही निघाला होता. सयाजीरावांच्या उत्साहाला तर ऊत आला. फौज सुटल्यापासून एवढी माणसं हुकमाखाली मिळाली नव्हती. मिरजेहून रेल्वे कोणती, गुंतकलला बदलायची कशी, वळकट्या कुणी उचलायच्या, दशम्या कुणी करायच्या, सगळं त्यांनी कट्ट्यावर आळी जमवून वाटून दिलं.

"गुहेत एकामागं एक चालायचं," ते म्हणाले. "कुनी कुनाचा हात सोडायचा न्हाई."

"वाघबिघ आसंल काय वं आत?" रंगूबाईनं विचारलं.

"असला तर तुमचा आवाज ऐकून त्योच पळंल."

जोतीरामाच्या एका खोलीत ही वरात मावायची कशी, या विचारानं राही आधीच हबकली होती. तेवढ्यात रंगूबाई म्हणाली, "आन माघारी तुमच्या म्हशीला कोन? नुकती व्यालीया."

सगळे एकमेकांकडं बघू लागले.

"तुमची सून हाय की," रंगूबाईनंच तोड काढली. "तरन्या पोरीला देवाची कसली घाई? म्हातारपनी जाईल."

"बरोबर," सयाजीराव म्हणाले. "राही हितं थांबंल."

राहीनं जोतीरामाकडं पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. हातातला तांब्या त्याच्या डोक्यात घालावा, इतका तिला त्याचा राग आला. बेत तिचा, आणि त्यातून वगळली तीच. डोळे भरून यायच्या आत ती गोठ्यात निघून गेली.

थोड्या वेळानं बयाबाई मागून आली आणि वैरणीच्या पेंढीवर टेकली.

"खरं सांग. तुला ती गुहा बगायची हाय का?"

म्हशीपुढं वैरण सारता सारता राहीनं नकाराची मान हलवली.

"पिंड?"

तिनं पुन्हा मान हलवली.

"मंग काय बगायचं हाय?"

"त्यांची खोली," राही म्हणाली. "कुटं निजत्यात, कशात रांधत्यात. आन मला तितं ऱ्हायाचं हाय, आत्ती. महिन्याच्या पावन्यासंगं संसार हुत न्हाई." बोलून गेली आणि तिची तिलाच भीती वाटली.

बयाबाई रागावली नाही. "म्या यल्लम्माचं नाव घेतलं हुतं," ती म्हणाली. "तुजं मामंजी तवा बेळगावला पलटनीत. सौंदत्ती तितनं जवळ. सासूला म्हनलं, देवीला जाऊन येऊ. ती म्हनली, चल, मीबी येते. पलटनीच्या फाटकाबाहीर हेंची गाठ पडली, पानी पिऊन हुईस्तवर. सासूनं मला संगं नेलं आन संगंच माघारी आनलं." तिनं लुगड्याला चिकटलेली काडी काढून टाकली. "लय वाईट वाटलं हुतं. आजपतूर कुनाला बोलले न्हाई."

दुसऱ्या दिवशी आळी पुन्हा कट्ट्यावर जमली, तेव्हा बयाबाई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "म्या येत न्हाई. म्हशीला म्या बगते. माज्या जागी राही जाईल."

"बरं," सयाजीराव म्हणाले. "रंगूबाई, पोरीला नीट माघारी आनायची जोखीम तुमची."

"तिला माघारी आनायची न्हाई," बयाबाई म्हणाली.

"म्हंजे?" सयाजीरावांचा आवाज चढला.

"बेळगावच्या फाटकावर म्या तुमाला म्हनले हुते, मला हितं ठिवून घ्या. तुमी काय म्हनला हुता?"

सयाजीरावांचा हात मिशीकडं गेला आणि तिथंच राहिला.

"म्हनला, आईला इचार," बयाबाई म्हणाली. "तुमचा ल्योकबी तसाच आईबाच्या शब्दाची वाट बगत बसलाय. त्येची आई मी हाय. माजी ना न्हाई."

सयाजीरावांनी मान खाली घातली. एवढ्या माणसांत त्यांना असं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मग ते खाकरले आणि मुलाकडं वळले.

"जोत्या, माघारीच्या तिकिटात एक मानूस कमी धर."

"व्हय, आबा," जोतीराम म्हणाला. मग त्यानं थेट दाराकडं पाहिलं. राही तिथं पदर तोंडाशी धरून उभी होती. "भाकरीचा तवा आन परात घे संगं," तो तिला म्हणाला. "तितं मी नुसता भात खाऊन ऱ्हातोय."

वडिलांच्या देखत तो बायकोशी बोलला, ते हे पहिल्यांदाच.